एंजलची अंडी: जोडीवर सोडावीत की काढून घ्यावीत?

संध्याकाळी फिल्टरच्या पाइपवर ओळीने लावलेली अंडी आणि सकाळी पाइप स्वच्छ, जोडीनेच ती खाल्लेली. एंजलफिश म्हणजे एंजल मासे पाळणाऱ्या बहुतेकांवर ही सकाळ येते. मग पुढच्या खेपेला अंडी वेगळी काढायची की जोडीवरच भरवसा ठेवायचा, हा पेच पडतो. मी दोन्ही करून पाहिलं आहे. (गोल्डफिश, बार्ब, टेट्रा यांच्याबाबत हा पेचच नाही. ते अंडी टाकून मोकळे होतात आणि सापडली की खातात.)

काढून घेण्याची बाजू भक्कम आहे. पाइप उचलून छोट्या टाकीत ठेवा, एअर स्टोनचे (हवा सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाचे) बुडबुडे अंड्यांजवळून जाऊ द्या, बुरशीवरचं औषध म्हणून मेथिलिन ब्लू घाला. पाणी २८ अंशांच्या आसपास असलं तर अडीच दिवसांत अंडी फुटतात, पुढे पाचेक दिवसांत पिल्लं पोहू लागतात. शिवाय जोडी लवकरच पुन्हा अंडी घालते. पिल्लं विकायची असतील तर हाच मार्ग बरा, असं मीही म्हणेन.

मी कंटाळलो तो पांढऱ्या अंड्यांना. जे अंडं फळलं नाही ते पांढरं पडतं, त्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि तिचे तंतू शेजारच्या जिवंत अंड्यांपर्यंत जातात. औषधाने बुरशी मंदावते, पण माझ्याकडे ती कधी पुरती थांबली नाही. मग रात्री टॉर्च लावून ड्रॉपरने एकेक पांढरं अंडं ओढायचं. अंडी इतकी खेटून असतात की एक मेलेलं काढताना शेजारचं चांगलं सुटून तळाशी जातं. एका रात्री मी असं करताना पाचसहा चांगली घालवली, आणि पहाटे नवी पांढरी झालेली होतीच.

पुढची खेप तशीच ठेवली आणि काचेपाशी बसलो. मादी परांनी अंड्यांवर पाणी खेळवत होती. मध्येच थांबली, ओठ पुढे काढून एक पांढरं अंडं टिपलं. शेजारचं हललंसुद्धा नाही. आपण ज्याला खाणं म्हणतो त्यात ही निगराणीही असते.

सगळंच निगराणी असतं असं नाही. नवखी जोडी, टाकीतले इतर मासे, सारखा काचेला लागणारा हात, यांपैकी काहीही सगळी खेप संपवायला पुरतं. राखण करायला ताकद लागते. अंडी थोडी असतील तर ती खाऊन नव्याने सुरुवात करणं माशाला परवडतं. एका जातीच्या ब्लेनी माशाबद्दल २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की अंडी थोडी असली तर नर सगळीच खातो, कारण घरट्यात अंडी असेपर्यंत त्याचं नव्या मादीला रिझवणं अडून राहतं.

माझ्या जोडीने पहिल्या तीन खेपा खाल्ल्या. मग दोघांना स्वतंत्र टाकी दिली, तिच्या तीन बाजूंना कागद लावला, रात्री मंद दिवा चालू ठेवला आणि पाण्यात हात घालणं बंद केलं. चौथ्या खेपेला पानावर घातलेली अंडी फुटली. एखादं पिल्लू पानावरून सुटून खाली पडलं की नर ते तोंडात धरायचा, दोनदा चघळल्यासारखं करायचा आणि परत पानाला चिकटवायचा.

वेगळ्या टाकीत माझी याहून जास्त पिल्लं जगली होती, हे सांगायला हवं. तरी तीनचार खेपा वाया जाऊ देण्याची तयारी असेल तर जोडीला संधी द्या. माझा ड्रॉपर तेव्हापासून डब्यात आहे.