बेरा तपासणी केंद्र: चार तारे, एक कापला गोंगाटासाठी

लेक अपुऱ्या दिवसांची, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलेली. ओएई चाचणीत (आवाजाला आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणाऱ्या) दोन्ही कानांपुढे ‘रेफर’, म्हणजे ‘पुढे तपासा’, आलं आणि माझी झोपच उडाली. इथल्या ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) ताई आधी म्हणाल्या, रेफर म्हणजे बहिरेपण नव्हे. मधल्या कानात पाणी असलं तरी येतं. पण एनआयसीयूतल्या बाळाला नुसती ओएई पुरत नाही, नसेचा दोष तिच्यात निसटू शकतो, म्हणून बेरा, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते बाळ झोपलेलं असताना मोजणारी चाचणी. दूध तिथेच पाजायला लावलं, बाळ आपसूक झोपलं. (सासूबाई आदल्या दिवसापर्यंत टाळ्या वाजवून स्वतःच चाचणी घेत होत्या!) उजवा कान ठीक, डावा कमी. दोषाचं निदान वयाच्या ३ महिन्यांच्या आत, उपचार ६ महिन्यांच्या आत, हे शांतपणे समजावलं. वेटिंगमध्ये मात्र टीव्ही सतत चालू. झोपलेली बाळं उठतात हो!