पाहुण्यांना शेतावर जेवायला न्यायचं की शहरातल्या थाळीला?

दिवाळी सरली की सोलापुरात हा प्रश्न घरोघरी निघतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे येणार, त्यांना आपल्याकडचं जेवण घालायचं, पण पंधरा माणसांच्या भाकरी बडवणार कोण? मग दोन वाटा उरतात. एक म्हणजे मंगळवेढा, अक्कलकोट नाहीतर होटगी रस्त्याला, रानातच थाटलेलं छोटं जेवणघर. घरचीच माणसं पिकवतात, रांधतात आणि वाढतात. दुसरी म्हणजे शहरातलं भाकरी-थाळीचं हॉटेल. मी दोन्हीकडं बरीच वर्षं जेवतेय. माझा कौल आधीच सांगते: मार्गशीर्ष ते माघ शेतावर, एरवी शहरात.

भाकरीपासून सुरुवात करू. आपल्या जिल्ह्यात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, म्हटलं की मालदांडी ही जात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पावसाळा संपल्यावर काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येणारं हे पीक. ही ज्वारी शेतावरही मिळेल आणि शहरातल्या चांगल्या हॉटेलातही. पिठाच्या बाबतीत तर हॉटेल कमी पडत नाही. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरी कडेला चिरते. चालत्या हॉटेलात खप मोठा, त्यामुळं पीठ ताजंच असतं.

फरक पडतो तो तवा ते ताट या अंतरात. रविवारी दुपारी हॉटेलात रांग लागते, म्हणून भाकरी आधीच करून फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या असतात. मऊ असतात, पण बसलेल्या. शेतावर मावशी चुलीपुढं बसलेल्या असतात. काटवटीत थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली आणि मग आरासमोर उभी टेकवली. बघता बघता टम्म फुगते, आणि तिथून थेट तुमच्या ताटात. पापुद्रा उचलायचा, आत तेल सोडायचं, शेंगाचटणी पसरायची. बोटं पोळतात, तरी दम धरवत नाही. माझ्या मते नुसत्या या भाकरीसाठी वीस-पंचवीस किलोमीटर जाणं वसूल आहे.

आता हंगाम. मार्गशीर्षातल्या येळवशीपासून, म्हणजे अमावस्येला रानात होणाऱ्या सणापासून, रान भरलेलं असतं. तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचा कोवळा पाला, वांगी, मेथी, कांद्याची पात. या दिवसांत शेतावरच्या जेवणघरात जाणार असाल तर भज्जी आणि अंबिल मिळेल का, हे नक्की विचारा. ओले दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवलेली ती भज्जी बाजरीच्या उंड्याबरोबर खाल्लेला पाहुणा पुढच्या वर्षी स्वतःहून फोन करतो, हा माझा अनुभव आहे.

त्यानंतर हुरडा. इथं तर तुलनाच संपते. हुरड्याला मालदांडीपेक्षा गुळभेंडी, सुरती अशा जाती हव्यात. एका पेरणीचा हुरडा मोजकेच दिवस खाण्याजोगा असतो. लवकर गेलात तर दाण्यात नुसतं दूध, उशीर झाला तर दाणा टणक. कणीस गोवऱ्यांच्या आरात भाजायचं, गरम असतानाच तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे दाणे तोंडात. सोबत गूळ, दही, शेंगाचटणी. भाजलेला हुरडा थोडा वेळ जरी थांबला तरी चामट होतो, म्हणून तो आगटीजवळच बसून खावा लागतो. शहरातलं कितीही चांगलं हॉटेल हे देऊ शकत नाही.

पण हीच शेतं चैत्र-वैशाखात वेगळी असतात. पारा चाळीशीच्या वर, विहिरी तळाला, रानात माळवं, म्हणजे भाजीपाला, नाही. एका मे महिन्यात आम्ही हौसेनं अशाच एका ठिकाणी गेलो होतो. पाटीवर लिहिलं होतं, ‘सर्व काही आमच्या शेतातलं’. ताटात आली ढोबळी मिरची आणि पनीर. मागं पाहिलं तर मार्केट यार्डातून आलेल्या भाजीच्या पिशव्या तशाच पडलेल्या. पैशाचं काही वाटलं नाही, सोबतच्या लेकरांना मी ‘बघा, हे आपल्या रानातलं’ असं सांगून बसले होते, त्याचं वाईट वाटलं. तेव्हापासून मी फोनवर एकच विचारते: आज रानातलं काय काय आहे? खरा शेतकरी लगेच मोजून सांगतो, ‘वांगी आहेत, मेथी संपली, तूर ओली आहे.’ ‘या तुम्ही, सगळं मिळेल’ असं उत्तर आलं की मी दुसरं ठिकाण बघते.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या चिखलात म्हणूनच शहर बरं. डाळी कुणाच्या शेतातल्या याला आमटीत फारसं महत्त्व नाही, हात महत्त्वाचा. चार-पाच डाळींची झणझणीत बाजार आमटी, त्यात चुरलेली भाकरी, हे शहरात उत्तम मिळतं. रात्री नऊला भूक लागली तरी मिळतं. शेतावर आदल्या दिवशी कळवावं लागतं, जे शिजलंय तेच खावं लागतं आणि दर माणशी पैसे द्यावे लागतात, मग लेकरानं अर्धीच भाकरी खाल्ली तरी. घरात कुणाला खाली बसता येत नसेल तर टेबलाची सोय आहे का आणि स्वच्छतागृह कसं आहे, हेही विचारून घ्या.

आमच्याकडं पौषात थोरली बहीण आणि दाजी येतायत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे, म्हणजे यात्रेचे, दिवस, त्यामुळं शहरात जेवायला गर्दी असणार. दाजींचे गुडघे दुखतात, म्हणून टेबलं असलेलं शेत शोधून ठेवलंय आणि रविवार टाळून मंगळवार ठरवलाय. हुरड्याचं रान तोवर तयार होईल, असं तिथल्या ताईंनी फोनवर सांगितलं. निघायच्या दिवशी शहरातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून देणार. तेवढी मात्र शहरातलीच, कारण इतकी पातळ आणि कुरकुरीत मला शेतावर अजून कुठं मिळाली नाही.