साडेसहाशेचा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड आणि अण्णांचे जुने स्पीकर : आठ महिन्यांनंतर

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या हरभट रोडवर आलं तेव्हा आमच्या घरात नुसती वर-खाली धावपळ चालली होती. धान्य, गाद्या, कागदपत्रं, देव, जे हाताला लागेल ते माळ्यावर. त्यात अण्णांच्या स्पीकरच्या दोन्ही पेट्या गेल्या. डेक जड होता, कपाटात बसवलेला, तो खालीच राहिला. पाणी ओसरल्यावर त्याच्या कॅसेटच्या दारातून गाळ ओघळत होता. डेक भंगारात गेला. पेट्या मात्र वाजवायला काही नाही म्हणून माळ्यावरच पडून होत्या.

गेल्या दिवाळीच्या आधी मी ऑनलाइन टीपीए3116 चिपचा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड मागवला, म्हणजे गाण्याचा क्षीण सिग्नल स्पीकर हलवण्याइतका मोठा करणारी पट्टी. साडेसहाशे रुपये, तळहातावर मावेल एवढा. वर ‘50+50 वॅट’ छापलेलं. हा आकडा आधीच नीट समजून घ्या. चिप बनवणारी कंपनी तो 21 व्होल्ट आणि 4 ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) स्पीकरला देते, तेही 10 टक्के विकृतीवर, म्हणजे आवाज फाटायला लागल्यावर. आमचे स्पीकर 8 ओहमचे आणि सप्लाय म्हणजे बंद पडलेल्या लॅपटॉपचा 19 व्होल्टचा चार्जर. त्यात चॅनेलला, म्हणजे एकेका पेटीला, फार तर वीसेक वॅट निघतात. दहा बाय बाराच्या खोलीला ते रग्गड झाले. आठ महिन्यांत व्हॉल्यूमचा काटा निम्म्याच्या पुढे नेलेला नाही.

चिप 26 व्होल्टपर्यंत चालते हे वाचून कुणी 24 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावेल. त्याआधी बोर्डावरचे मोठे कंडेन्सर (वीज साठवणारे नळकांडीसारखे भाग) बघा. माझ्या बोर्डावरचे 25 व्होल्टपर्यंतच सोसणारे निघाले. 24 दिले असते तर श्वास घ्यायलाही जागा उरली नसती.

डब्यासाठी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेतला. भोकं पाडली, जॅक बसवले, आत ब्लूटूथचा वेगळा छोटा मॉड्यूल, त्याला 19 व्होल्टचे 5 करून द्यायला एलएम2596 चा कन्व्हर्टर. झाकण लावलं आणि फोन डब्याजवळून दोन हात लांब नेला की गाणं तुटायला लागलं. झाकण काढलं की सुरळीत! पत्रा रेडिओ लहरी अडवतो, आणि मी त्याच्याच बंद डब्यात अँटेना ठेवून रेंजची अपेक्षा करत होतो, दुसरं काय. आता मॉड्यूल डब्याच्या पाठीमागे, साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत चिकटवलाय. दिसायला ओंगळ आहे, पण स्वयंपाकघरापर्यंत तुटत नाही.

पहिल्या दिवशी आवाज पोकळ आला, खर्ज जणू नाहीच. बोर्डाला शिव्या घातल्या. मग एका पेटीच्या वायरी उलट्या लागल्याचं लक्षात आलं, दोन पेट्या एकमेकींचा खर्ज मारत होत्या. दीड व्होल्टचा सेल क्षणभर वायरींना टेकवायचा, स्पीकरचा पडदा (कोन) बाहेर आला तर सेलच्या प्लसकडची वायर प्लस, आत गेला तर उलटी. पाच मिनिटांचं काम.

खरा छळ किरकिरीने केला. गाणं चालू असताना कळायचं नाही, पण आलाप शांत झाला की मागे बारीक चिर्र-चिर्र, रातकिड्यासारखी. फोन जोडलेला नसताना तिची लय वेगळी, जोडल्यावर वेगळी. पुन्हा मी बोर्डाला दोष दिला, परत पाठवायचा विचारही केला. गणपती पेठेत माझ्या ओळखीचे एक जुने मेकॅनिक आहेत, त्यांनी डब्यात नुसतं डोकावून सांगितलं, “बोर्ड बरा हाय. तुझा अर्थ खराब हाय.” अर्थ म्हणजे ग्राउंड, करंट परत नेणारी वायर. ब्लूटूथ मॉड्यूल झटक्याझटक्याने करंट ओढतो. तो करंट ज्या ग्राउंडच्या वायरीने परत जातो तीच वायर गाण्याचीही. मग त्याची टिकटिक गाण्यात मिसळणारच. उपाय म्हणजे बी0505एस नावाचा छोटा मॉड्यूल, 5 व्होल्ट घेतो आणि 5 व्होल्टच देतो, पण मधला धातूचा संबंध तोडून. एक वॅटचाच आहे, ब्लूटूथला पुरतो. एकशेदहा रुपये पडले. सोल्डर केला, चालू केलं, आणि मला आधी वाटलं की बंदच पडलंय, इतकं शांत.

आता अण्णांची परीक्षा. हा माणूस वॅट-बिट मानत नाही. त्यांनी मिरजेच्या सतारवाल्यांकडे दुपारच्या दुपारी बसून काढल्यात. तंबोऱ्याला घोडीवर दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढताना बघणं हा त्यांचा सिनेमा. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हा घरात बातमी दोनदा मोठ्याने वाचून झाली.) तर त्यांनी नुसता तंबोरा लावायला सांगितला. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, “तार वाजत्या, पण जवारी कुठाय? लेका, गोधडीखाली ठेवल्यागत वाटतंय.”

मला फरक कळत नव्हता, हे कबूल करतो. जवारी म्हणजे मूळ सुरावरचे वरचे वरचे स्वर. ते ट्विटरमधून, म्हणजे पेटीतल्या बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरमधून यायचे, आणि ट्विटर मेल्यागत झालेले. पेट्या उघडल्या. आत ट्विटरच्या वायरीत एक-एक नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कंडेन्सर, 4.7 मायक्रोफॅरडचा, तीसेक वर्षांचा. एकाचं टोपण फुगलेलं, दुसऱ्याच्या पायाला हिरवट बुरा. दोन नवे कंडेन्सर चाळीस रुपयांत आले. वूफरचे, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचे, काठ फोमचे नसून कापडी होते, म्हणून एवढी वर्षं टिकले. फोमचे असते तर बोट लावताच भुगा झाला असता. पेट्या बंद करून तोच तंबोरा पुन्हा लावला. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त उठून खुर्ची दोन पेट्यांच्या मधोमध आणून बसले. तेव्हा मलाही कळलं, तारेवरून काहीतरी सळसळत वर चढतंय ते.

म्हणजे दोन वेळा बोर्डाला नावं ठेवली आणि दोन्ही वेळा तो निर्दोष निघाला. पुढच्या वेळी मात्र दोष त्याचाच होता. व्हॉल्यूमचं बटण! चार महिन्यांत फिरवताना खरखर सुरू झाली, आणि अगदी हळू आवाजात डावी पेटी जवळजवळ गप्पच. बोर्डावर बसवलेला पॉट, म्हणजे बटणाखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग, अगदी टाकाऊ प्रतीचा असतो. 50 किलोओहमचा दुहेरी पॉट आणून बदलला, चाळीस रुपये. जुना काढताना सहा पायांचं शिसं एकदम वितळवणं जिकिरीचं आहे, घाई केली तर खालची तांब्याची पट्टी उचलून येते. मी एक उचललीच, तिथे बारीक वायर जोडावी लागली. नवीन घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी पॉट बदलून टाकावा.

तापण्याची तक्रार नाही. मे महिन्यात खोलीत उकडून जीव जात होता तेव्हाही हीटसिंकला (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) बोट निवांत ठेवता यायचं. लाईट गेली की 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, आवाज थोडा बसतो एवढंच. निळा एलईडी रात्री डोळ्यात घुसायचा, त्यावर आईने आपली टिकली लावली. ब्लूटूथ जोडताना एक बाई इंग्रजीत ठणठणीत आवाजात घोषणा करते, ती बंद करण्याची सोय या मॉड्यूलमध्ये नाही. पहाटे साडेपाचला अण्णा भजन लावतात तेव्हा गल्लीला आधी ती ऐकू येते.

एकूण खर्च, वायर-जॅक धरून, बाराशेच्या आसपास. चार्जर आणि डबा घरचा. याच पैशात बाजारात प्लॅस्टिकचा ब्लूटूथ स्पीकर मिळतो आणि त्याला एवढी खटपट लागत नाही. ज्याच्या माळ्यावर जुन्या पेट्या नाहीत त्याने तोच घ्यावा.

एक गोष्ट राहिलीय. स्विच बंद करताना दोन्ही पेट्यांतून जोरात ‘टप्प’ येतं. बोर्डाची म्यूटची (आवाज बंद करणारी) पिन वापरून ते घालवता येतं, सामानही आणून ठेवलंय. पण रात्री दहाला ते टप्प झालं की आई पलीकडच्या खोलीतला दिवा मालवते, आणि अण्णा मला डब्याला हात लावू देत नाहीत.