जर्मनीतला विमा आणि भाड्याची खोली, दहा महिन्यांनंतर: विमा झकास, टपालपेटीनं दमवलं

सुट्टीला कोल्हापुरात आलोय. ऑक्टोबरला जर्मनीला शिकायला निघणारी पोरं रोज फोन करतायत, म्हणून एकदाच लिहितो. ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) वगैरे तुम्हाला पाठ आहे, ते सोडतो.

आरोग्य विमा सार्वजनिक घेतला, महिना साधारण १४० युरो. पैसे कापले गेले की पोटात गोळा यायचा. तेवढ्यात आमच्या घरचा महिन्याचा किराणा येतो. खासगी पॉलिसी निम्म्याहून कमी पैशात मिळत होती, घेणारच होतो. एका सीनियरनं झापलं, "येडा हायस काय? एकदा सार्वजनिकमधनं बाहेर राहायची सूट घेतलीस की शिक्षण संपेपर्यंत परत आत घेत न्हाईत."

खोली? शाहू महाराजांनी १९०१ पासून पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली त्या गावचा मी, आणि तिकडं माग्देबुर्ग शहरात पाच आठवडे मित्राच्या सोफ्यावर काढले. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. सोफ्याला तो कोण देणार? शेवटी शेअरिंगमध्ये खोली मिळाली, हीटिंगसकट ३२० युरो. डिपॉझिट तीन हप्त्यांत देता येतं हे मी एकदम भरल्यावर कळलं.

आता खरं दुखणं. टपालपेटीवरचं नाव. तिथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतोच, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो. नाव नसलं की पत्र माघारी. आणि विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, टॅक्स नंबर, सगळं टपालानंच! माझ्या पेटीवर आधीच्या पोरीचं नाव. मालक म्हणाला, पाटी करायला टाकलीय. आठ आठवडे! कार्ड दोनदा परत गेलं. आमच्या मंगळवार पेठेत 'तालमीच्या मागं' एवढं लिहिलं तरी पोस्टमन दारात हाक मारतो. मग मी कागदावर नाव लिहून सेलोटेपनं चिकटवलं, तर पावसात शाई ओघळली.

त्यातच कान ठणकायला लागला. दवाखान्यात पहिला प्रश्न, कार्ड? विमा कंपनीला फोन केला, त्यांनी कार्डाऐवजीचा दाखला थेट दवाखान्यात पाठवला. हे लक्षात ठेवा, कुणी आपणहून सांगत नाही.

मार्चपर्यंत माझं मत पक्कं होतं, १४० युरो पाण्यात. मग एका रात्री अपेंडिक्स. ११२ लावला, ॲम्ब्युलन्स, ऑपरेशन, चार दिवस मुक्काम. माझ्या खिशातून गेले दिवसाला १० प्रमाणे ४० आणि ॲम्ब्युलन्सचे १०. परवा आईला बिल दाखवलं तर ती कागद उलटून बघत होती, "बाकीचं कुठाय?"

चष्मा मात्र विम्यात बसत नाही, तो राजारामपुरीत करायला टाकलाय. आणि महाद्वार रोडला आडनावाची पितळी पाटी करून घेतली, स्क्रूसकट. आई म्हणते वर 'श्री' घाल. नको म्हटलं, पोस्टमन तेच आडनाव समजायचा.