कीन्स की पीटर लूगर? न्यूयॉर्कच्या जुन्या स्टेकहाउसात टेबल राखण्याआधी

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. टेबलावरचे सगळे बीफ खाणारे असतील आणि आतून लालसर मांस पाहून कुणाचा चेहरा पडणार नसेल, तर ब्रुकलिनचं पीटर लूगर. एक जरी जण बीफ न खाणारा असेल, किंवा जेवणाइतकाच जीव ग्लासात आणि गप्पांत असेल, तर मॅनहॅटनचं कीन्स. एवढ्यावर काम भागत असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. पण दोन माणसांचं बिल दारू, कर आणि टिप धरून आरामात अडीचशे-तीनशे डॉलरच्या घरात जातं, तेव्हा पाच मिनिटं खर्च करायला हरकत नसावी.

पुण्या-मुंबईत स्टेक खाल्लाय म्हणजे चव ओळखीची आहे, असं धरून मात्र येऊ नका. महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा. २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे आपल्याकडच्या हॉटेलांत स्टेक म्हणून येतं ते बहुतेक म्हशीचं. त्यात चरबी कमी, म्हणून वरून मिरीचा नाहीतर मशरूमचा सॉस सढळ हाताने ओततात. इथे सॉसला फारसं कुणी विचारत नाही. मांस सरकारी प्रतवारीतल्या सगळ्यात वरच्या, म्हणजे प्राइम दर्जाचं. त्यात चरबीची बारीक पांढरी जाळी असते. ते थंड खोलीत काही आठवडे उघडं ठेवून मुरवतात. पाणी उडतं, मांसातलीच विकरं तंतू सैल करतात, बाहेरचा थर वाळून काळपट होतो आणि तो कापून टाकावा लागतो. वजन घटतं, वरचा भाग वाया जातो, म्हणून किंमत चढते. चवीला खमंग, किंचित आंबूस छटा येते. कीन्स आणि लूगर दोन्हीकडे हे काम घरच्या घरीच होतं, त्यामुळे मांसाच्या दर्जावरून दोघांत निवड करायला जाऊ नका. फरक पुढच्या सगळ्यात आहे.

लूगर १८८७ चं. सुरुवातीला कॅफे, बिलियर्ड्स आणि बोलिंग असा सगळा एकत्र मामला होता. विल्यम्सबर्ग पूल १९०३ मध्ये झाला, तोवर हे दुकान तिथे जुनं झालं होतं. १९५० मध्ये जागा लिलावात निघाली आणि समोरच्या कारखान्याचे मालक सोल फोरमन यांनी ती घेतली. ते तिथलं नेहमीचं गिऱ्हाईक. त्यांच्या पत्नी मार्शा यांनी एका निवृत्त सरकारी तपासनिसाकडून मांस पारखायची विद्या घेतली आणि स्वतः बाजारात जाऊन निवड करू लागल्या. पुढे घरातल्या बायकांनी ते काम हातात ठेवलं. ज्या धंद्यात जिकडेतिकडे पुरुष, तिथे मुख्य निर्णय बायकांचा, हे मला त्या हॉटेलातलं सगळ्यात मजेदार वाटतं.

तिथे मेनू असतो, पण मागायचं एकच: पोर्टरहाउस, दोघांचा, तिघांचा किंवा चौघांचा. मधे इंग्रजी ‘टी’च्या आकाराचं हाड, एका अंगाला दमदार चवीचा भाग, दुसऱ्या अंगाला लोण्यासारखा मऊ टेंडरलॉइन. वरून येणाऱ्या प्रचंड आचेखाली तो भाजतात, काप करून पुन्हा हाडाला लावून ठेवतात, लोणी घालतात आणि ताटासकट परत आचेखाली सारतात. टेबलावर येतं तेव्हा ताट तडतडत असतं. वेटर ताटाच्या एका टोकाखाली उपडी बशी सरकवतो, ताट तिरकं होतं आणि वितळलेलं लोणी व मांसाचा रस खालच्या कडेला जमा होतो. मग दोन चमच्यांच्या चिमटीत काप उचलून प्रत्येकाच्या बशीत, आणि वर त्या रसाचा चमचा. पंगतीत वरणभातावर तूप सोडतात तसा.

या तडतडत्या ताटामुळेच एक सावधगिरी. काप ताटावर पडून असतात तोवर शिजतच राहतात. म्हणून हवा असेल त्याहून एक पायरी कच्चा मागा: मीडियम आवडत असेल तर मीडियम रेअर सांगा. टेबलावर एखाद्याला लाल रंग नकोच असेल, तर त्याचे काप ताटाच्या गरम कडेला टेकवून ठेवले की काम होतं. अख्खा स्टेक वेलडन, म्हणजे आतपर्यंत पूर्ण शिजलेला, मागवायचा असेल तर मात्र लूगरला जाऊच नका. तेवढ्या पैशात घरी झक्कास मटण करून दहा माणसं जेवतील.

बाकी तिथे घ्यायचं काय? जाड कापाचा बेकन (डुकराचं खारवलेलं मांस) नगावर मिळतो, तो दोघांत एक पुरे. क्रीममधला पालक आणि तळलेले जर्मन पद्धतीचे बटाटे. टोमॅटो-कांद्याच्या चकत्यांबरोबर त्यांचा गोड-आंबट सॉस येतो, तो त्या चकत्यांपुरताच ठेवा. गोडाबरोबर साखर फारशी नसलेल्या फेटलेल्या क्रीमचा डोंगर येतो. पोट भरलेलं असलं तरी लोक तो संपवताना दिसतात.

आता दुसरी बाजू. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने लूगरला चक्क शून्य तारे दिले, आणि २०२२ मध्ये हॉटेलांची पारख करणाऱ्या मिशेलिन गाइडचा तारा गेला. त्यावर बरंच रणकंदन झालं. माझं मत असं की स्टेकसाठी जाणाऱ्याने त्या वादाकडे फार लक्ष देऊ नये, पण लाड करून घ्यायला जाणाऱ्याने जरूर द्यावं. उघडी लाकडी टेबलं, भरपूर उजेड, गलका, आणि रोखठोक बोलणारे वेटर ही तिथली रीतच आहे. लग्नाचा वाढदिवस शांतपणे साजरा करायची ही जागा नव्हे.

कीन्सला दार ढकलून आत गेलात की मान आपोआप वर जाते. बुटकं छत, आणि त्या छताला लांब दांड्याचे मातीचे पाइप, ओळीने, एकाला एक खेटून, पन्नास हजारांहून अधिक. हे पाइप इतके नाजूक की खिशात घालून फिरायची सोय नव्हती; म्हणून गिऱ्हाइकं ते हॉटेलातच ठेवत, वहीत नोंद होई, आणि पुढच्या खेपेला ज्याचा त्याला आणून देत. त्या वहीत थिओडोर रूझवेल्ट, बेब रूथ, आइन्स्टाइन अशी नावं आहेत. आता पाइप नुसते बघायचे. न्यूयॉर्कच्या हॉटेलांत २००३ पासून धूम्रपानाला बंदी आहे.

हे हॉटेल १८८५ चं. तेव्हा इथला हेरल्ड स्क्वेअरचा भाग हा नाटकांचा मुलूख होता आणि मालक अल्बर्ट कीन हा लॅम्ब्ज नावाच्या नाटकवाल्यांच्या क्लबातला माणूस. नट दोन अंकांच्या मधे रंगवलेल्या तोंडानेच मागच्या दाराने येऊन घोट घेऊन जात, अशी तिथली दंतकथा. मला ती पटते, कारण आपल्याकडचे नटही काही वेगळे नाहीत. बायकांना मात्र आत मज्जाव होता. १९०५ मध्ये लिली लँगट्री या नटीला प्रवेश नाकारला, तिने कोर्टात खेचलं आणि जिंकून आली. आल्यावर तिने मागवला तो मटण चॉप, असं तिथे अजून सांगतात. लिंकन नावाच्या खोलीत नाटकाचं एक हस्तपत्रक आहे. लिंकनवर गोळी झाडली त्या रात्री ते त्याच्या हातात होतं, असा हॉटेलचा दावा आहे. खरं-खोटं करत बसू नका, पण त्या खोलीत एक फेरी मारा.

आणि तो मटण चॉप. मराठी टेबलासाठी कीन्स का, याचं निम्मं उत्तर त्यात आहे. पाठीच्या भागाचा दोन्ही बाजूंसकट घेतलेला जाडजूड तुकडा, पाऊण किलोच्या आसपास, कडेला चरबीच्या कुरकुरीत पाळ्या. मांस मेंढीचं, बोकडाचं नाही, आणि हल्ली येतं ते चांगल्या वाढलेल्या कोकराचं. तेव्हा म्हाताऱ्या मेंढीचा उग्र वास येईल ही भीती नको. १९३५ पर्यंत असे दहा लाख चॉप तिथे खपले होते. बीफ न खाणाऱ्याला ‘तुझ्यासाठी कोंबडी आहे’ म्हणून कोपऱ्यात बसवण्यापेक्षा हॉटेलचा सगळ्यात नावाजलेला पदार्थच त्याच्या पुढ्यात येतो. मीडियम मागा. मसाला शून्य आहे, मीठ आणि आच एवढंच. पहिल्या दोन घासांना कांदा-लसणाची आठवण येते, मग येत नाही. एकट्याने संपवायचा हट्ट नको.

शाकाहारी माणसाचं दोन्हीकडे जेमतेमच. कीन्सला सॅलड, बटाटे, पालक यांत थोडी निवड असते. लूगरला त्याहून कमी. भाज्यांतही बेकन शिरलेला असू शकतो, विचारून घ्या. घरात कडक शाकाहारी असतील तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे जेवू घाला, दोघांचाही दिवस चांगला जाईल.

पिण्यात तर तुलनाच नाही. लूगरला बिअर, वाइन, मार्टिनी सगळं मिळतं, पण ते स्टेकच्या सोबतीला. कीन्सला बार हा स्वतंत्र मुक्काम आहे. सिंगल माल्ट व्हिस्कीची यादी दोनशेच्या वर, आणि भिंतीवर पहुडलेल्या नग्न बाईचं मोठं चित्र, जिला तिथे मिस कीन्स म्हणतात. यादी पाहून गांगरू नका. बारटेंडरला आवडनिवड सांगा, धुराची चव हवी की नको सांगा, आणि भाव आधी विचारा. त्यात काही कमीपणा नाही, कारण एकाच पानावर एका पेगाचे भाव कुठून कुठे गेलेले असतात. इथला पेग आपल्या लार्जएवढा, साधारण ६० मिली. बर्फ नको असेल तर ‘नीट’ म्हणा, नाहीतर बर्फाने भरलेला ग्लास येईल. चकण्याची मात्र निराशा आहे. गाजर, सेलरी असल्या कच्च्या भाज्या आणि निळ्या चीजचं डिप पुढ्यात येतं. शेव-दाण्यांवर वाढलेल्या माणसाने काय समजायचं ते समजावं. वय किती का दिसेना, ओळखपत्र जवळ असू द्या. भारतातून आलेल्यांनी पासपोर्ट.

माझ्या लेखी न्यूयॉर्कमधला सगळ्यात चांगला सौदा म्हणजे कीन्सच्या पब भागात बसून एक माल्ट आणि साधं काहीतरी खाणं. लूगरचा तसाच स्वस्त मार्ग म्हणजे दुपारचा बर्गर. मुरवलेल्या मांसाच्या कापाकापीतून उरलेलं त्यात जातं, म्हणून चव मोठ्या भावाचीच. फक्त तो दुपारीच मिळतो, रात्री नाही.

पैसे देताना लूगरला फसगत होते ती नवख्यांची. ब्रुकलिनच्या हॉटेलात क्रेडिट कार्ड घेत नाहीत. अमेरिकी बँकेचं डेबिट कार्ड चालतं, रोख चालते. भारतातून आलेल्या सासऱ्यांनी ‘आज माझ्याकडून’ म्हणत खिशातून आपलं कार्ड काढलं तर प्रसंग ओढवतो. नोटा नेलेल्या बऱ्या. कीन्सला नेहमीची कार्डं चालतात. शहराचा विक्रीकर ८.८७५ टक्के, त्याची दुप्पट केली की टिपचा आकडा जवळपास येतो, डोकं खाजवायला नको.

जायचं कसं, यातही शेजारच्या न्यू जर्सीत राहणाऱ्यांसाठी कौल कीन्सकडेच जातो. एडिसन किंवा मेट्रोपार्कहून गाडी पेन स्टेशनला येते, तिथून ३६ व्या रस्त्यावर चालत दहा मिनिटं. प्यायलेल्या माणसाला परतीला हेच सोयीचं. लूगरसाठी हेरल्ड स्क्वेअरहून कामाच्या दिवशी सबवेची एम गाडी थेट मार्सी अॅव्हेन्यू स्टेशनला नेते, पुढे थोडं चालणं. गाडी पुलावरून ईस्ट रिव्हर ओलांडते, ते दृश्य मात्र फुकट. शनिवार-रविवारी मधे गाडी बदलावी लागते. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर कीन्सला टेबल राखतानाच तळमजल्यावरचं मागा. वरच्या मजल्यावरही खोल्या आहेत.

नाटकाचं तिकीट हातात असेल आणि वेळ कमी असेल, तर या दोघांना बाजूला ठेवून ५२ व्या रस्त्यावरचं गॅलघर्स हे स्टेकहाउस पाहा. १९२७ चं, दारूबंदीच्या काळात चोरट्या बारातून उभं राहिलेलं. रस्त्यावरूनच काचेतून मुरत ठेवलेलं मांस दिसतं आणि स्टेक हिकरी नावाच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर भाजतात. धुराचा तो वास कीन्स-लूगरला मिळत नाही. मला ते या दोघांच्या खालचं वाटतं, पण नाटक आठला असेल तर ते पावलांवर आहे.

कुठेही गेलात तरी उरलेलं बांधून मागा, सगळेच मागतात. स्टेकचे काप दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चामडं होतं. तापलेल्या बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी जेमतेम मिनिटभर पुरे. आणि कीन्सच्या चॉपचं हाड टाकायचं नाही. तांबड्या रश्श्यात सोडा, भाजलेल्या चरबीचा जो काही वास उतरतो तो ताज्या मटणाला येत नाही.