छापील कुलवृत्तांत शोधताना: काही महिन्यांच्या खटपटीनंतरचा अनुभव

आमचं आडनाव देसाई. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी या पट्ट्यात एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही. लगेच विचारतात, ‘कुठले देसाई?’ आणि ते बरोबरच आहे. देसाईकी हे वतन, म्हणजे पिढीजात अधिकार. मराठा, ब्राह्मण, लिंगायत, सगळ्यांत देसाई सापडतात. पाटील, कुलकर्णी, देशपांडे यांचंही तेच. म्हणून नुसतं आडनाव टाकून कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याची वंशावळ नि माहिती छापलेलं पुस्तक, शोधायला बसू नका. आधी घरातल्या थोरांकडून मूळ गाव, कुलदैवत, गोत्र किंवा देवक आणि कमीत कमी आजोबा-पणजोबांची नावं काढून घ्या. माझा शोध मार्गी लागला तो मूळ गाव कळल्यावरच.

सगळ्यात जास्त उपयोग झाला इंटरनेट आर्काइव्ह (archive.org) या संकेतस्थळाचा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियात स्कॅन झालेली हजारो जुनी मराठी पुस्तकं तिथे फुकट वाचता येतात. मात्र नावं बऱ्याचदा रोमन लिपीत असतात, तेव्हा स्पेलिंग बदलून बदलून बघावं लागतं. ‘कुलवृत्तांत’, ‘कुलवृत्तान्त’, ‘घराण्याचा इतिहास’, ‘वंशावळ’ हे चारही शब्द घालून बघा. स्कॅनच्या आतल्या मजकुरात शोधण्यावर भिस्त ठेवू नका. जुन्या छपाईच्या खिळ्यांची देवनागरी यंत्राला नीट वाचता येत नाही. शेवटची सूची उघडून डोळ्यांनीच बघितलेलं बरं.

पुस्तक हातात आलं की नोंद कशी वाचायची हे एकदा समजून घ्या. प्रत्येक माणसाला क्रमांक, त्याच्याशेजारी बापाचा क्रमांक, पुढे जन्म, शिक्षण, नोकरी, बायकोचं माहेरचं नाव. सालं शकात असली तर 78 मिळवा: शके 1790 म्हणजे 1868-69. दत्तक गेलेल्या मुलाची नोंद दोन्ही घरांत शोधा. काही जुन्या ग्रंथांत मुलींची नावंच नाहीत. ते बघून फार वाईट वाटलं. अर्धं घराणंच तिथे गायब आहे. अशा वेळी सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत कामाला येतो, कारण तिथे ती सून म्हणून सापडते.

हे ग्रंथ बहुधा कुलमंडळांनी वर्गणी काढून आपल्या लोकांपुरते छापलेले असतात. दुकानात विचारून उपयोग नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं. आपल्या भागातल्या माणसाने सुरुवात तिथून करावी. वाचनालय कोणतंही असो, दशांश वर्गीकरण (पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची पद्धत) असेल तर 929 चा, म्हणजे वंशावळींचा, कप्पा विचारा, आणि चरित्र नि इतिहासाची कपाटंही बघा. मला हवा होता तो ग्रंथ एका जुन्या वाचनालयात संतचरित्रांच्या रांगेत होता.

आपल्याकडची खरी अडचण पुढे आहे. 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, मग आजच्या कर्नाटकात गेलो. त्यामुळे आताचा जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, वतनाचे जुने कागद मोडी लिपीत, आणि त्यातले पुष्कळसे पुण्या-कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत. छापील वंशावळीतली पिढी कागदावर पडताळायची तर तिन्ही लिप्या जाणणारी माणसं जोडावी लागतात. मोडी शिकायला मी आता सुरुवात केली आहे.

सीमाभागात कुणाच्या घरी असा ग्रंथ पडून असेल तर रद्दीत घालू नका. गावच्या वाचनालयाला एक प्रत द्या, आणि पहिल्या पानावर आपल्या शाखेचं मूळ गाव लिहून द्या.