टेस्टिंग वॉरंटीच्या चिठ्ठीवर गेलेले १,२६,७५० रुपये

जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स विकत घेण्याच्या व्यवहारात माझे १,२६,७५० रुपये गेले आहेत. गिअरबॉक्सचे ७८,०००, कुर्ल्याहून मुलुंडपर्यंतच्या टेम्पोचे १,८००, उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीचे २२,०००, सात लिटर ऑइलचे ८,०५०, नव्या माउंटिंगचे ६,४००, नंतर तो उघडून तपासणाऱ्या कारागिराचे ६,५०० आणि वकिलाच्या नोटिशीचे ४,००० असा तो हिशेब आहे. घरी मी अजून फक्त पहिला आकडा सांगितला आहे. माझी नोकरी दुसऱ्यांची बिले तपासण्याची असल्यामुळे ऑफिसात गाडीचा विषय निघाला की मी काहीतरी निमित्त काढून उठतो.

गाडीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गाडी खालून आपटली, गिअरबॉक्सच्या तळाला ऑइल साठते त्या ऑइल पॅनला बारीक तडा गेला आणि ऑइल थेंबथेंब गळत राहिले. इंजिन ऑइलचा दाब कमी झाला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलसाठी असा दिवा नसतो आणि आजच्या अनेक गाड्यांत पातळी पाहायची डिपस्टिकही दिलेली नसते. कळले तेव्हा आतल्या क्लच प्लेट जळून गेल्या होत्या. अधिकृत सर्व्हिस सेंटरने नव्या गिअरबॉक्ससाठी ४,८५,००० रुपयांचे एस्टिमेट दिले आणि गाडीची बाजारातली किंमत जवळपास तेवढीच होती. तेव्हा ‘नवाच का घेतला नाही’ असे विचारणाऱ्यांनी आधी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जुना माल शोधणे हा हावरटपणा नव्हता.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काय मिळते आणि कसे मिळते हे मुंबईत गाडी बाळगणाऱ्याला सांगायला नको. तिथे प्रामाणिक दुकानदारही आहेत. आमचे मेस्त्री वर्षानुवर्षे तिथूनच माल आणतात. पण या वेळी मेस्त्री गावी गेले होते आणि मी घाईत होतो. दुकानदार मराठी निघाला, गाव सांगताना तालुक्यासकट सांगितले, चहा मागवला, आणि ‘दादा, तुम्हाला खोटा माल देऊन मला गावात तोंड दाखवायचं आहे की नाही?’ असे म्हणाला. आपला माणूस म्हणून मी सैल झालो, आणि हे लिहिताना मला त्याच्यापेक्षा माझ्या त्या सैल होण्याचाच अधिक राग येतो.

मी तयारी न करता गेलो होतो असे कोणी समजू नये. माझ्या गाडीत जपानच्या आयसिन कंपनीचा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत पुढे देणारा भाग) असलेला गिअरबॉक्स आहे. ही कंपनी एकाच कुळातला गिअरबॉक्स अनेक कंपन्यांच्या गाड्यांसाठी बनवते. बाहेरून तो सारखाच दिसतो, पण इंजिनाप्रमाणे आतले रेशो (गिअरच्या दातांचे प्रमाण), फायनल ड्राइव्ह (चाकांकडे जाणारी शेवटची गिअरजोडी) आणि व्हॉल्व्ह बॉडीचे (ऑइलचा दाब वाटणाऱ्या भागाचे) सेटिंग बदलते. म्हणून ‘सहा गिअरचा आहे, तुमच्याच मॉडेलचा आहे’ हे वाक्य ऐकून पुढे जाऊ नये. गाडीचा गिअरबॉक्स कोड काही गाड्यांत डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यातल्या स्टिकरवर असतो, काहींत दरवाजाच्या खांबावरच्या प्लेटवर असतो, आणि तिथे सापडला नाही तर चॅसी क्रमांक देऊन पार्ट्सच्या काउंटरवर विचारता येतो. तो कोड मी कागदावर लिहून नेला होता. दुकानातल्या गिअरबॉक्सच्या प्लेटवर हुबेहूब तोच कोड होता. आता वाटते, तो जरा जास्तच हुबेहूब होता, कारण भाव विचारण्याच्या आदल्या दिवशीच मी त्या दुकानदाराला माझ्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. आपला कोड विक्रेत्याला आधी कधीही देऊ नका. त्याच्याकडच्या प्लेटचा फोटो आधी मागवा, तोही आजूबाजूचे हाउसिंग आणि दोन्ही रिव्हेट दिसतील असा. हाउसिंग मळके आणि रिव्हेट चकचकीत असतील तर तिथूनच परत फिरा.

आता ज्या क्षणी मी थांबायला हवे होते त्याबद्दल. अपघातात पुढून ठोकलेल्या, ४२,००० किलोमीटर चाललेल्या गाडीतून हा गिअरबॉक्स ‘जसा उतरवला तसा’ ठेवला आहे, हात लावलेला नाही, असे त्याने सांगितले. मग त्याच्या पोऱ्याने ड्रेन प्लग सैल केला आणि पांढऱ्या फडक्यावर चार थेंब पाडून फडके माझ्या नाकाशी धरले. ऑइल डाळिंबाच्या रसासारखे लालभडक होते, जळका वास नव्हता, काळेपणाचा मागमूस नव्हता. मी समाधानाने मान डोलावली. वास्तविक तिथेच मला घाम फुटायला हवा होता. ४२,००० किलोमीटर चाललेले ऑइल असे कुमारिकेसारखे लाल राहत नाही. ते मळकट, तपकिरीकडे झुकलेले असते, आणि तसे असणे हाच गिअरबॉक्सला कोणी हात न लावल्याचा पुरावा असतो. शिवाय गिअरबॉक्स गाडीतून उतरवताना कूलरच्या नळ्या आणि ड्राइव्ह शाफ्ट काढले की बरेचसे ऑइल तसेच वाहून जाते. मग प्लगमधून ताजे ऑइल येते ते कोठून? दुकानाच्या लादीवर पडलेल्या लोखंडात नवे ऑइल ओतायला कोणाला वेड लागले आहे? ओतणाऱ्याला जुने ऑइल दिसू द्यायचे नव्हते, एवढाच त्याचा अर्थ होता. पॅनच्या कडेने ताजे सिलिकॉनही लागलेले होते, मी विचारलेसुद्धा. ‘टेम्पोत गळू नये म्हणून’ असे उत्तर मिळाले आणि ते मला त्या वेळी पटले.

फसलो तरी चाचणीचे नाटक पाहूनच फसलो. सिलेक्टर ‘पी’वर ठेवून त्याने शाफ्ट फिरवायला सांगितला, एक बाजू फिरवली की दुसरी उलट फिरत होती, म्हणजे आतला पार्किंगचा अडसर लागत होता. पण तो निव्वळ यांत्रिक खटका आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या क्लच प्लेट ऑइलच्या दाबाने पकडतात आणि इंजिन पंप फिरवत नाही तोवर हा दाब तयार होत नाही, त्यामुळे जमिनीवर पडलेल्या गिअरबॉक्सला हाताने फिरवून क्लचची अवस्था कळूच शकत नाही. कळते ती पॅन उघडल्यावर. पॅनमधल्या लोहचुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. चमकणारे कण, पितळी चुरा किंवा क्लचच्या अस्तराची काळी भुकटी असेल तर तो गिअरबॉक्स भंगारच आहे. ऑइल गुलाबी दुधासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे, आणि पाण्याने क्लच प्लेटवरच्या अस्तराचा गोंद सुटतो. ज्या शहराने २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिला आणि ज्याच्या सखल रस्त्यांवर दर पावसाळ्यात गाड्या बुडतात, तिथे ही खूण तरी सर्वांना माहीत असायला हवी. ‘पॅन उघडला तर वॉरंटी जाईल’ असे दुकानदार म्हणाला. असे म्हणणाऱ्याच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकू नका. पॅन गॅस्केटचे पैसे आपण देऊ, पण उघडणे आपल्या समोर.

या बाजारात क्लचचे पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला ऑटोमॅटिक म्हणण्याची पद्धत आहे, हेही जाता जाता सांगतो. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि त्यावर क्लच-गिअर हलवणारी यंत्रणा. सीव्हीटीत पट्टा आणि पुली असतात. ड्युएल क्लचचे प्रकरण आणखी वेगळे. प्रत्येकाचे ऑइल वेगळे, प्रत्येकाच्या बिघाडाची खूण वेगळी. वर लिहिलेले टॉर्क कन्व्हर्टरवाल्यापुरते समजावे. कन्व्हर्टर त्याच गिअरबॉक्सचा घ्यावा आणि त्याच्या मानेवर ओरखडे आहेत का ते नखाने पाहावे, कारण तिथे खाच असेल तर पंपाचा बुश आणि सील गेलेले असण्याची शक्यता मोठी असते.

मागितलेले ९५,००० होते, ७८,००० ला ठरले. २०,००० आगाऊ आणि ५८,००० माल उचलताना, दोन्ही वेळा यूपीआयने, दुकानाच्या नव्हे तर कोणा नातेवाइकाच्या खात्यावर. बिल मागितल्यावर जीएसटीचे १८ टक्के वेगळे पडतील असे सांगून त्याने एक चिठ्ठी दिली: ‘गिअरबॉक्स एक नग, टेस्टिंग वॉरंटी ७ दिवस’. हे सात दिवस माल उचलल्यापासून मोजायचे की गाडी रस्त्यावर आल्यापासून, ते चिठ्ठीवर नव्हते. गॅरेजमध्ये लिफ्ट रिकामी होऊन काम पूर्ण होईपर्यंत ते बहुतेक संपलेच होते, आणि ही मुदत तशीच बेतलेली असते असे आता माझे मत आहे.

गाडी थंड असताना उत्तम चालली. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर विक्रोळीच्या गर्दीत गरम झाल्यावर तिसऱ्यातून चौथ्यात जाताना इंजिन नुसतेच गरगरू लागले आणि घरी रिव्हर्स टाकल्यावर गाडीने बराच वेळ विचार करून धक्का दिला. स्कॅनरवर पी-०७३० हा कोड आला, म्हणजे अपेक्षित आणि प्रत्यक्ष रेशो जुळत नव्हता. क्लच घसरत असला तरी हा कोड येतो आणि आतला रेशोच वेगळा असला तरी येतो. आमच्या बाबतीत दोन्ही होते. कारागिराने उघडल्यावर क्लचचे अस्तर काळे पडून सुटलेले दिसले, आणि फायनल ड्राइव्हचे दात मोजल्यावर तो दुसऱ्याच इंजिनासाठीचा असल्याचे उघड झाले. प्लेट तेवढी माझ्या कोडची होती.

दुकानदाराचे उत्तर तयार होते: ‘तुमच्या मेस्त्रीने कूलर फ्लश केला नसेल, कन्व्हर्टर नीट बसवला नसेल.’ दोन्ही गोष्टींनी चांगला गिअरबॉक्सही खराब होतो हे खरे, म्हणूनच हे उत्तर इतके उपयोगी पडते. आमच्या मेस्त्रींनी कूलर फ्लश केला होता, म्हणजे त्यातले जुने ऑइल धुऊन काढले होते, पण त्याचा फोटो नव्हता. तुम्ही फोटो काढा. कन्व्हर्टर पूर्ण आत बसल्यावरचे मापही पट्टी लावून फोटोत घ्या.

आता यंत्रणांविषयी. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी चिठ्ठी दुरूनच पाहिली आणि ‘हा दिवाणी वाद आहे, ग्राहक मंचात जा’ असे सांगितले. खोटी प्लेट ठोकून माल विकणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली फसवणूक नाही तर काय, असे मी विचारले. त्यावर मला पंख्याखालच्या बाकावर बसवण्यात आले आणि तो बाक हेच उत्तर आहे हे कळायला मला दुपार लागली. ललिता कुमारी प्रकरणातील २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी वादांत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली आहे. इथे त्या मुभेतली चौकशी गाळून फक्त नोंद न करणे तेवढे उचलले गेले. लेखी अर्जावर पोच मागितली तर शिक्का कपाटात असल्याचे आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या हवालदाराकडे असल्याचे कळले. बँकेने पैसे तुम्हीच पाठवले असे सांगून १९३० या सायबर क्रमांकाकडे बोट दाखवले, जणू ७८,००० रुपयांचे लोखंड मला कोणी लिंकवर पाठवले होते. परिवहन कार्यालयातल्या खिडकीवर तर आरसी बुकात फक्त इंजिन आणि चॅसी क्रमांक असतो, गिअरबॉक्सशी आमचा संबंध नाही, असे ऐकवले गेले. तेवढे मात्र खरे आहे, आणि नेमके त्यामुळेच गिअरबॉक्स हा चोरीच्या आणि बुडालेल्या गाड्यांतून निघणारा सर्वांत निर्धास्त माल आहे. विक्रेत्याकडून मूळ गाडीचा चॅसी क्रमांक लिहून घ्या. तो देत नसेल तर कारण विचारत बसू नका.

ग्राहक आयोगाचा मार्ग निदान कागदावर सोपा आहे: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. नोटिशीला त्याच्या वकिलाने उत्तर दिले आहे की माल ग्राहकाने पाहून, तपासून, समाधानाने नेला आणि नंतर परस्पर उघडून त्यात फेरफार केला. शेवटच्या वाक्यात मी अडकलो आहे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण माझा गिअरबॉक्स आधीच सुटा झाला होता. म्हणून कोणावर अशी वेळ आली तर उघडण्यापूर्वी विक्रेत्याला तारीख-वेळ कळवून हजर राहण्याची लेखी सूचना द्या, तो आला नाही तरी सील फोडल्यापासून सलग चित्रीकरण करा, आणि ती प्लेट रिव्हेटसह जशीच्या तशी ठेवा. माझी प्लेट कारागिराने सुदैवाने काढली नव्हती. तक्रारीला तिचा जवळून घेतलेला फोटो, व्हॉट्सॲपवरच्या माझ्या स्टिकरच्या फोटोची तारीख आणि यूपीआयच्या दोन्ही नोंदी जोडल्या आहेत. गाडी मुलुंडला गॅरेजमध्ये जॅकवर आहे आणि तिच्या जागेचे भाडे गॅरेजवाल्याने पुढच्या महिन्यापासून लावणार असल्याचे कालच सांगितले.